मुंबईत नवे आहात? उन्हाळ्यात चेहऱ्याला कमी लावा, अंग कोरडं ठेवा

अकोल्याहून मुंबईला आले तेव्हा मनात एक घमेंड होती. ४५ अंशांत वाढलेल्या माणसाला ३३-३४ अंशांचं काय कौतुक! एप्रिलचा दुसरा आठवडा, मुलुंडला पीजी, परळला ऑफिस. तिसऱ्या दिवशी मानेवर घामोळं उठलं, दहाव्या दिवशी कपाळभर बारीक पुटकुळ्या, आणि महिना संपेपर्यंत हनुवटीवर दुखरे फोड. चूक एवढीच होती की गावाकडची सवय मी जशीच्या तशी इथे चालवत होते. आंघोळीनंतर जाड क्रीम, केसांना चोपून खोबरेल, बाहेर पडताना तोंडाभोवती घट्ट ओढणी. ते सगळं निस्तरायला पुढचे दोन उन्हाळे गेले. मी डॉक्टर नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे मारलेल्या फेऱ्या आणि स्वतःच्या चुका यांतून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी मुळातली गोष्ट. आमच्याकडे मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की घाम येताच उडतो. सदऱ्यावर मिठाची पांढरी नक्षी तेवढी उरते. मुंबईत आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास, घामाला उडायला हवेत जागाच नाही. तो अंगावर बसून राहतो. त्याने वरची कातडी भिजून फुगते, घामाच्या नळ्यांची तोंडं बुजतात, आणि तेल, धूळ, वर तुम्ही लावलेलं जे काही असेल त्याचा राडा होतो. रात्रीही सुटका नाही, मे महिन्यात पहाटेसुद्धा पारा २७ च्या खाली सहसा जात नाही. त्यामुळे गावाकडे प्रश्न असतो तो त्वचेला ओलावा कसा द्यायचा, आणि इथे प्रश्न पडतो तो ओल कशी काढायची.

पहिले दोन आठवडे: नवीन काही विकत घेऊ नका

शरीराला नव्या उकाड्याची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. या काळात घाम लवकर आणि जास्त सुटायला लागतो. ते बिघाडाचं लक्षण नव्हे, शरीर शिकतंय. नेमकं याच दिवसांत माणूस घाबरून तीन फेसवॉश, दोन सिरम आणि एक टोनर घेऊन येतो, आणि मग कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

या दोन आठवड्यांत फक्त काढून टाका. जाड क्रीम, बदामाचं तेल, कोल्ड क्रीम, व्हॅसलीन, सगळं कपाटाच्या खालच्या खणात. फेकू नका, त्यांचा दिवस येईल. चेहऱ्याला सकाळ-रात्र सौम्य फेसवॉश आणि दिवसा सनस्क्रीन, एवढंच. एखादी नवी वस्तू घ्यायचीच असली तर एका वेळी एक, आणि दुसरी दोन आठवड्यांनी. आधी कानामागे किंवा जबड्याच्या कडेला दोन-तीन दिवस लावून बघा.

पाण्याचाही फरक पडतो. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, साबणाला फेस आणायचा म्हणजे कुस्ती. मुंबई महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांचं, मऊ. फेस भसाभस येतो आणि धुऊनही हाताला बुळबुळीत लागतं. पहिला महिनाभर साबण निघालाच नाही असं वाटून मी चेहरा घासत राहायचे. तो बुळबुळीतपणा मऊ पाण्याचा असतो. फेसवॉश वाटाण्याएवढा घ्या, नीट धुवा आणि थांबा. तुमच्या इमारतीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर मात्र हे लागू नाही.

सकाळ

आंघोळीच्या साबणाने चेहरा धुऊ नका. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सामू (पीएच) ५ च्या आसपास. साध्या साबणाचा ९ ते १०. दिवसातून चार वेळा साबण लावला की त्वचेचं कवच निघतं, ती जळजळते, आणि वरून तरीही तेलकटच दिसते. दिवसाला दोनदा फेसवॉश पुरे. मधे चिकचिक झाली तर नुसतं पाणी मारा.

मग पुसणं, आणि ही पायरी कुणीच सांगत नाही. टर्किश टॉवेल मुंबईत मे महिन्यात वाळतच नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येतो आणि तोच आपण तोंडाला लावतो. गावाकडचा पातळ पंचा आणा. दोन आणा. तासाभरात वाळतो. चेहऱ्याला वेगळा, अंगाला वेगळा. पुसताना घासायचं नाही, टिपायचं.

आता पंख्याखाली पाच मिनिटं बसा. खरंच बसा. मुंबईच्या बाथरूममधून माणूस जितका कोरडा बाहेर येतो त्याच्या दुप्पट ओला दोन मिनिटांत होतो. त्या घामावर काहीही लावलं की त्याच्या वळ्या होतात किंवा ते ओघळून डोळ्यांत जातं. मी डबा भरायचं काम याच पाच मिनिटांत टाकलं आहे.

मॉइश्चरायझर लागतो का? त्वचा तेलकट असेल आणि सनस्क्रीन जरा क्रीमसारखं असेल, तर सकाळी वेगळा मॉइश्चरायझर नको, असं माझं मत. एसीत आठ-नऊ तास बसणाऱ्यांना किंवा ज्यांची त्वचा मुळात कोरडी आहे त्यांना पातळ जेल चालेल. ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक अॅसिड असलेलं, आणि डबीवर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ म्हणजे छिद्रं न बुजवणारं असं लिहिलेलं. एक थर. सातआठ थरांचे व्हिडिओ एसी खोलीत काढलेले असतात, कुर्ल्याच्या पुलावर नाही.

सनस्क्रीन: इथे कंजुषी नको

सगळं कमी करा म्हणत आले, याला मात्र अपवाद. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे. १५ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, खांबाची सावली नाहीशी होते. यालाच शून्य सावली दिवस म्हणतात. ऊन गावच्यासारखं भाजत नाही, समुद्राकडून वारा येतो, त्यामुळे आपण फसतो. अतिनील किरणांचा आणि उकाड्याचा तसा संबंध नाही. पातळ ढगांतून ती बरीचशी खाली येतात.

घड्याळ बघण्यापेक्षा सावली बघा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन चेहऱ्याला बाधणारं. लांब झाली की जोर ओसरला.

विकत घेताना तीन गोष्टी पाहा. एसपीएफ (ऊन किती अडतं ते सांगणारा आकडा) ३० ते ५०. प्रयोगशाळेत ३० चं सनस्क्रीन यूव्हीबी म्हणजे त्वचा भाजणारी अतिनील किरणं साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० चं ९८ टक्के, म्हणजे ७०-८० च्या आकड्यांमागे धावण्यात अर्थ नाही. दुसरं, पीए+++ किंवा पीए++++. हे यूव्हीए किरणांसाठी, जी काचेतूनही आत येतात आणि त्वचा काळवंडवतात. तिसरं, जेल किंवा फ्लुइड प्रकार आणि ‘वॉटर रेझिस्टंट’. वांग (गालांवरचे काळपट डाग) असेल तर रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन घ्या, ते दिसणारा प्रकाशही काही प्रमाणात अडवतं. सावळ्या रंगावर पांढरट राखाडी थर बसणाऱ्या सनस्क्रीनांपेक्षा दिसायलाही ते बरं.

किती लावायचं? तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एक-एक रेघ, एवढं चेहरा आणि मानेला. वजनात ते साधारण एक ग्रॅम भरतं. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावून दीड महिन्यात संपायला हवी. माझी पहिली ट्यूब आठ महिने पुरली होती आणि ‘सनस्क्रीनचा काही उपयोग होत नाही’ असं मी सगळ्यांना सांगत फिरत होते! दोन बोटांचं एकदम थापू नका. एक बोट लावा, मिनिटभर थांबा, मग दुसरं. घराबाहेर पडण्याच्या १५-२० मिनिटं आधी. कान, मानेची मागची बाजू आणि पायाचे पंजे विसरले जातात. चपलेच्या पट्ट्यांची नक्षी पायावर पाहिलीच असेल.

डोळ्यांत उतरून झोंबत असेल तर भुवयांच्या वर बोटभर पट्टा सोडून तिथे स्टिक किंवा झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन लावा. ते कमी झोंबतं.

दर दोन तासांनी पुन्हा लावा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. बांधकामाच्या साइटवर, डिलिव्हरीला, विक्रीच्या कामाला दिवसभर फिरत असाल तर ते खरंच पाळा. ऑफिसात खिडकीपासून लांब बसत असाल तर जेवायला बाहेर पडण्याआधी एकदा पुरे. जुहूला किंवा गिरगाव चौपाटीला दुपारी जायचं असेल तर छत्रीखालीही लावा, वाळू आणि पाणी खालून ऊन परत फेकतात. आणि छत्री पावसाचीच असते असं कुणी सांगितलंय? एप्रिलपासून पिशवीत ठेवा.

लोकल, ऑफिस आणि मधला घाम

ओढणी तोंडाला घट्ट बांधणं दुचाकीवर आणि धुळीत ठीक. लोकलच्या डब्यात ती सोडा. तोंडाची वाफ आणि घाम आत कोंडून हनुवटीभोवती फोड येतात ते याच पट्ट्यात. माझे तिथेच होते. हेल्मेटच्या आत सुती टोपी घाला आणि ती रोज धुवा.

दोन सुती रुमाल ठेवा. घाम टिपायचा, रगडायचा नाही, नाहीतर सनस्क्रीनही निघून जातं. ओले वाइप्स मला आवडत नाहीत. बहुतेकांत सुगंध असतो आणि घामेजल्या कातडीला तो चुरचुरतो. उतरल्यावर ऑफिसात पाण्याने चेहरा धुवा, टिपा, बस.

गर्दीत पाठीवरची सॅक पुढे घ्यायची हा इथला शिरस्ता, दोन दिवसांत शिकाल. मग घामोळं पाठीऐवजी छातीवर येतं. त्याला इलाज नाही. आत पातळ सुती बनियन घाला आणि पोचल्यावर बदला.

रात्र

दिवसभराचं सनस्क्रीन, धूर, मेट्रोच्या कामांची धूळ उतरवायला फेसवॉश अर्धा मिनिट तरी बोटांनी फिरवा. मेकअप किंवा जाड सनस्क्रीन असेल तर आधी मायसेलर वॉटर, म्हणजे मेकअप उतरवायचं पाण्यासारखं द्रव. नुसतं खोबरेल लावून पुसायची आईची पद्धत थंडीत छान, इथल्या मे महिन्यात नको.

नंतर एकच औषधी गोष्ट, तीही गरज असेल तर. काळ्या-पांढऱ्या बारीक कणांसाठी सॅलिसिलिक अॅसिड, २ टक्क्यांपर्यंत, आठवड्यातून दोन-तीन रात्री. ते तेलात विरघळतं म्हणून छिद्रांत शिरतं. लाल फोडांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड, २.५ टक्के जवळपास १० टक्क्यांइतकंच काम करतं आणि कातडी कमी सोलते. पण उशीच्या अभ्र्याचा आणि पंच्याचा रंग उडतो, पांढरेच वापरा. तेलकटपणा आणि डागांसाठी नियासिनामाइड, ४-५ टक्के बहुतेकांना सोसतं. तिन्ही एकाच रात्री लावणं म्हणजे दुसऱ्या दिवशी भाजलेल्या वांग्यासारखा चेहरा. डॉक्टरांनी रेटिनॉइड (मुरुमांवरचं, अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध) दिलं असेल तर ते रात्रीच लावायचं आणि उन्हाळा म्हणून आपल्या मनाने बंद करायचं नाही, त्यांना विचारा.

कपाळावर एकसारख्या, बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या असतील आणि मुरुमांच्या औषधाने तसूभरही फरक पडत नसेल, तर त्या बहुधा मुरुमं नसतातच. मलासेझिया नावाची बुरशी त्वचेवर सगळ्यांच्याच असते. घाम आणि तेल मिळालं की केसांच्या मुळांशी माजते. डोक्याला चोपलेलं खोबरेल कपाळावर उतरलं की तिची मेजवानी. मला हे तीन महिन्यांनी कळलं. तेल सोडवत नसेल तर न्हाण्याआधी तासभर लावा, रात्रभर ठेवू नका. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. छाती-पाठीवर फिकट, किंचित कोंडा सुटणारे डाग म्हणजे शिबंही याच बुरशीचं काम. त्याचा खाण्याशी, दुधाशी, मासळीशी संबंध नाही. औषधाने बुरशी जाते, डाग मात्र रंग भरून यायला महिने घेतात.

गळ्याखालचा भाग

घामोळ्यावर एकच खरं औषध, थंड आणि कोरडं राहणं. संध्याकाळी घरी आल्यावर गार पाण्याची आंघोळ, सैल सुती कपडे, पंखा. खाज असेल तर कॅलामाइन लोशन. पावडर पूर्ण वाळलेल्या अंगावर, हलक्या हाताने. ओल्या काखेत टाकली की तिचं पीठ मळलं जातं. तेल आणि मलम अजिबात नको.

नायलॉनची जाळी, वज्री, दगड यांनी पाठ, मान, हाडांचे उंचवटे रगडू नका. मळ समजून आपण जो काळपटपणा घासतो तो पुष्कळदा घासण्यानेच आलेला असतो.

टिकलीच्या जागी खाज किंवा पांढरट ठिपका दिसला तर टिकली त्याच दिवशी बंद. तिच्या गोंदातलं एक रसायन काहींच्या त्वचेचा रंग कायमचा घालवतं. कुंकवाची पेन्सिलही आधी हातावर लावून बघा. तसंच खोट्या दागिन्यांचं. घामाने त्यातलं निकेल सुटतं आणि गळ्याभोवती, मनगटावर, जीन्सच्या बटणाखाली बेंबीपाशी चट्टा उठतो. लोकलच्या डब्यात वीस रुपयांना मिळणारे कानातले हौसेने घ्या, पण एप्रिल-मेमध्ये संध्याकाळपर्यंत कानात ठेवू नका.

लिंबाचं मात्र नीट ऐका. रस चेहऱ्याला चोळून उन्हात गेलात तर फोड येऊ शकतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. सरबत करा आणि प्या. खायचा सोडा, टूथपेस्ट हेही नको. मुलतानी माती तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा चालेल, तडे जाण्याआधी धुवायची. आणि भरपूर पाणी पिऊन चेहरा उजळतो यावर माझा विश्वास नाही. पाणी, ताक, कोकम सरबत प्यायचं ते घामाने गेलेलं भरून काढायला.

मेडिकलवर काय मागायचं नाही

जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोल, कडा लाल असलेला, खाजणारा चट्टा, म्हणजे गजकर्ण किंवा नायटा, मुंबईत घरोघरी आहे. मला कमरेवर झाला. खालच्या मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, ‘सगळ्यावर चालते’ म्हणाला. दोन दिवसांत खाज गायब, मी खूश. आठवड्याने थांबवली आणि चट्टा तिप्पट होऊन परतला.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. बुरशीनाशक, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड यांची ही खिचडी खाज दाबते आणि बुरशीला आतल्या आत पसरू देते. ट्यूबवर बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लावू नका, चेहऱ्याला तर नाहीच. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला, तरी मागितलं की मिळतं. गोरेपणाच्या क्रीममध्येही ती लपवलेली असतात. काही बेनामी डब्यांत पारा सापडतो, जो मूत्रपिंडं खराब करतो. घटकांची यादी नसलेली डबी घेऊच नका, मग ती मैत्रिणीच्या आत्याने कितीही खात्रीची सांगितली तरी.

नायट्याचं औषध आठवडे चालतं, चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस लावायचं. टॉवेल, चड्डी, जीन्स दुसऱ्याची वापरायची नाही, आणि पीजीत हे स्पष्ट बोलून ठेवा. जाड जीन्स घामाने भिजून दिवसभर अंगावर राहते; सुती सैल पँट इथे फॅशनपेक्षा औषध म्हणून घाला. आतले कपडे पूर्ण वाळवा, शिवणीवर इस्त्री फिरवा.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायनचं लोकमान्य टिळक ही महापालिकेची रुग्णालयं आणि भायखळ्याचं सरकारी जे. जे., सगळीकडे त्वचारोग विभाग आहे. सकाळी लवकर जा, केस पेपर काढा, अर्धा दिवस जाईल हे धरून चला. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, नुसतं ‘पांढरी ट्यूब होती’ सांगून उपयोग नाही. ताप, पू, झपाट्याने पसरणारी लाली असेल तर वाट बघत बसू नका.

पाऊस सुरू झाल्यावर

मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो. चेहऱ्याचा क्रम तोच ठेवा, सनस्क्रीनही. बदलतं ते पायाचं. ओले बूट, बोटांच्या बेचक्या, न वाळणारे मोजे. घरी आल्यावर पाय धुऊन बेचक्या पंच्याने कोरड्या करायच्या, आणि बूटांचे दोन जोड आलटून पालटून.

पाऊस गेला म्हणून जेलची डबी आवरू नका. ऑक्टोबरमध्ये उकाडा पुन्हा येतो, एप्रिलसारखाच चिकट. दिवाळीला घरी निघताना मात्र खालच्या खणातली ती जाड क्रीम बॅगेत टाका. अकोल्याला पोचल्यावर दुसऱ्याच सकाळी ओठ फुटतात.